ट्रेलरच्या मागच्या टोकाला पाटा

पाटा सगळ्यात शेवटी चढवा, असं मीच सांगितलं होतं. चूक माझी. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मुलाला कुणी बोल लावायला नको.

आमची ही थंडीत गेली. त्याच वर्षी मुलाला न्युरेम्बर्गला नोकरी लागली आणि जर्मनीतलंच झिंडेलफिंगेनचं घर सोडायचं ठरलं. हिच्याबरोबर मी पाच घरं बदलली. कऱ्हाडातली भाड्याची खोली असो नाहीतर इथला तिसरा मजला, हिची रीत एकच. नव्या घरात आधी देव, मग पाटा-वरवंटा, मग धान्य. त्याआधी दुसरी एक वस्तू आत जायची नाही. तो पाटा तिने विमानातून आणलेला. कपडे माझ्या बॅगेत कोंबले आणि स्वतःच्या बॅगेत दगड भरला. विमानतळावरच्या माणसाने विचारलं, हे काय? ही म्हणाली, "स्वयंपाकघर."

तर जे आधी काढायचं ते शेवटी भरायचं, हा माझा साधा हिशोब. पस्तीस वर्षं ट्रक चालवला मी. शाळा सातवीपर्यंत, पण माल भरायचं मला कुणी शिकवावं असं मला वाटत नव्हतं.

ट्रेलर भाड्याचा होता, बंद पेटीसारखा, मधोमध एकच जोडी चाकं. संध्याकाळी सहाच्या आत तो न्युरेम्बर्गला परत द्यायचा होता. ओढायला पिकअप मुलाच्या ऑफिसातल्या एका जर्मन माणसाची. तो तिच्या मागे होडी लावतो, त्यामुळे ट्रेलर अडकवायचा लोखंडी गोळा तिला होता. ट्रेलर चालवायचं वेगळं लायसन्स मुलाने काढलेलं. मला इथे चालवायला बंदी. मला नुसतं बसायचं.

सकाळी पिकअप मागे घेतली. मी हात दाखवत होतो, मुलगा माझ्याकडे न बघता समोरच्या पडद्यावर कॅमेऱ्यात बघत होता. ट्रेलरचं नाक गोळ्यावर बसलं, खटका वाजला, हिरवी खूण दिसली. ट्रेलर सुटलाच तर ब्रेक लागावा म्हणून असते ती वायर मी अडकवली. मग दिव्यांचं त्रांगडं. ट्रेलरचा प्लग मोठा, गाडीचं भोक छोटं. मध्ये लावायचा जोड त्या जर्मनाने दिला होता. सूनबाई मागे उभी राहून ओरडत होती, "उजवा लागला. ब्रेक लागला. बाबा, डावा झोपलाय!"

मी जोड काढला. आतल्या पिनेवर हिरवा गंज. चाकूच्या टोकाने खरवडला, पुन्हा लावला.

"उठला!" सूनबाई म्हणाली. "बाबा, तुमचं इथे वर्कशॉप काढू या."

मी खूश झालो. पुढचा सगळा घोटाळा त्या खुशीतून झाला असं मला वाटतं.

सामान भरलं. पुढे पुस्तकं, खुर्च्या, गाद्या. वॉशिंग मशीन शेवटी, कारण सूनबाईने सकाळी शेवटचे कपडे धुतले. तिच्याही मागे, दाराला लागून, तांदळाची दोन पोती, पिठाचे डबे, पाटा-वरवंटा आणि वर देव्हारा. मुलाने घरातला वजनकाटा आणला, ट्रेलरच्या नाकाखालच्या छोट्या चाकाखाली ठेवला आणि गोळ्यावरून नाक सोडवलं. काट्यावर आठ किलो.

"बाबा, इथे पन्नासच्या पुढे पाहिजे. मागे जड झालंय. मशीन आणि पाटा पुढे घेऊ."

"नाही."

"अहो, ट्रेलर डोलेल."

"मी घाटात चालवलाय. डोलत नाही काही."

"तो ट्रक होता. त्याला टोकापर्यंत चाकं होती."

"तुझ्या आईची रीत मोडायची आहे का तुला? सरळ सांग."

हे मी बोलायला नको होतं. त्याचा चेहराच उतरला. आई गेल्यापासून त्याला कुणी आईवरून बोललं की तो गप्प होतो, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच बोललो. त्याने काटा उचलला, नाक पुन्हा गोळ्यावर बसवलं आणि म्हणाला, "हळू जाऊ."

मुलगा आणि मी पुढे. मागे सूनबाई आणि पाच वर्षांची नात, तिच्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधलेली.

गावातून नीट गेलो. मी मनात म्हणालोसुद्धा, बघ. मग आउटोबानला, इथल्या मोठ्या हायवेला लागलो. रस्ता उतरता होता. वेगाचा काटा सत्तरवर गेला आणि मागून पहिला हिसका बसला. कुणी गाडीची शेपूट धरून ओढावी तसा. मग दुसऱ्या बाजूला. मग आणखी मोठा. आरशात ट्रेलर एकदा दिसायचा, एकदा नाही. शेजारच्या रांगेतून एक लॉरी येत होती आणि आमचं मागचं टोक तिच्याकडे जाऊन परत येत होतं. मुलगा स्टिअरिंग उलट-सुलट फिरवायला लागला. त्याने जितकं सावरावं तितकं ते वाढत होतं.

"स्टिअरिंग सरळ धर!" मी ओरडलो. "पाय काढ! रेस सोड! फिरवू नको!"

"ब्रेक?"

"हळूच! आधी पाय काढ!"

त्याने पाय काढला. गाडी मंदावली. ट्रेलरने आणखी तीन-चार हिसके दिले, प्रत्येक आधीच्याहून लहान, आणि मग तो आमच्या मागे सरळ आला. लॉरीवाला लांब हॉर्न वाजवत गेला. मागून नातीने विचारलं, "आजोबा, वास वार दास?" म्हणजे, काय होतं ते? 

दिवे लुकलुकत ठेवून, कडेकडेने, पुढच्या पार्किंगपर्यंत गेलो. मुलाने इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवरच. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी उतरलो, मागे गेलो आणि दार उघडलं. सूनबाई आली. "बाबा, थांबा, कंबर धरेल. आणि आईंचा पाटा..."

"आईंचा पाटा पुढे जाणार," मी म्हणालो. "पोरीला कुणाच्या जिवावर बसवलं होतं मी? एका दगडाच्या."

पूर्ण ट्रेलर पार्किंगवर रिकामा केला. लोक गाडीतून बघत होते. एका म्हाताऱ्या जर्मनाने न विचारता मशीन उचलायला हात लावला आणि आभार मानायच्या आत निघून गेला. मशीन चाकांच्या जरा पुढे. पाटा मी कुणाला उचलू दिला नाही. तो छातीशी धरून आत नेला आणि सगळ्यात खाली, पुढच्या भिंतीजवळ ठेवला. त्यावर तांदूळ, त्यावर पुस्तकांच्या पेट्या. देव्हारा तेवढा सूनबाईने मांडीवर घेतला. मागे नुसत्या गाद्या.

मुलाने पुन्हा काटा लावला. साठ. त्याने मला वाकून बघायला लावलं. मी बघितलं.

"निघू?" त्याने विचारलं. सकाळी निघताना विचारलं नव्हतं.

"निघ."

ऐंशीने चाललो. लॉऱ्या बाजूने जात होत्या, ट्रेलर ढिम्म हलला नाही. थोड्या वेळाने सूनबाई मागून हळूच म्हणाली, "बाबा, पाटा आज सगळ्यात शेवटी निघेल."

"निघू दे," मी म्हणालो.

आवाज नीट ठेवला होता मी. हिच्या शब्दाबाहेर मी इतक्या वर्षांत असा उघड कधी गेलो नव्हतो, आणि आता भांडायला ती नव्हती. डोळे भरले. पोरांना दिसू नये म्हणून मी माझ्या बाजूच्या आरशात तोंड घालून बसलो. ट्रेलरकडे बघायचंच होतं कुणीतरी. न्युरेम्बर्ग येईपर्यंत बघत होतो.