सड्यावरचा माळ

माझी बायको समुद्र बघायला चालली आहे, असं आम्ही गावात सगळ्यांना सांगितलं होतं. मांडवगण फराट्यात ती गोष्ट पटण्यासारखीही होती, कारण आमच्या गल्लीत समुद्र बघितलेली बाई तेव्हा एकही नव्हती. पण ती यायची होती माझं बिऱ्हाड बघायला. तिथं राहायला यायचं की नाही, हे ठरवायला.

मी प्राथमिक शाळेतला मास्तर. डी.एड. झालो तेव्हा पुणे जिल्ह्यात जागा निघेनात, सिंधुदुर्गात निघाल्या. नोकरी मिळाली याच आनंदात मी नकाशा नीट बघितलाच नाही. गावातून यवत, यवतहून पुणे, पुण्याहून रात्रभराची एसटी आणि सकाळी देवगड, तिथून पुढं शाळा. आम्हा लोकांना तिकडं घाटावरचे मास्तर म्हणत. मागच्या बाजूला आणखीही काही म्हणत असतील, आम्ही ऐकायला थांबत नव्हतो. दर वर्षी पुणे जिल्ह्यात बदलीसाठी अर्ज करायचो, आणि दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी जायचो. मुलगी पहिले दोन दिवस आईच्या पदराआडून माझ्याकडं बघायची, मग हळूहळू जवळ यायची, आणि मांडीवर बसून हक्कानं मिशा ओढायला लागली की माझी निघायची वेळ झालेली असायची. हे दर सुट्टीला नव्यानं. मला त्याची इतकी चीड यायची की जाताना मी कुणाशी धड बोलायचो नाही.

त्या वर्षी जूनमध्ये तिला पहिलीत घालायचं होतं. म्हणजे आता ठरवणं भाग होतं. तिचं नाव एकतर माझ्या शाळेत घालायचं, नाहीतर गावच्या. माझ्या शाळेत घातलं तर दोघी कायमच्या माझ्याकडं येणार होत्या. माझ्या वडिलांनी, आबांनी, त्यांच्या बाजूनं मोकळं करून टाकलं. "घेऊन जा दोघींला. आमचं आमी बघू. म्हशीची धार काढाया अजून हात हायेत मला," असं म्हणाले. बायको म्हणाली, "आधी बघते, मंग सांगते."

तर मी तयारीला लागलो. खोलीला चुना मारून घेतला. घरमालकीण काकींकडून पोरीसाठी छोटी गादी मागून आणली. दौंडकडचा एक मास्तर शेजारच्या शाळेवर होता, त्याच्याकडं मोटारसायकल होती. ती मागायला गेलो तर गाडीबरोबर सल्लाही दिला. "वहिनींना आधी समुद्र दाखव. समुद्र बघितला की बायका हो म्हणतात." त्याची स्वतःची बायको दोनदा समुद्र बघून दोन्ही वेळा दौंडला परत गेली होती, हे मला त्या क्षणी सुचलं नाही.

संक्रांत झाल्यावर त्या आल्या. बायकोच्या एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात बाजरीच्या पिठाची पिशवी. तिकडच्या गिरणीत बाजरी दळून देत नाहीत, तांदळाचं पीठ काळं पडतं म्हणून, हे मी कधीतरी बोललो होतो, ते तिनं लक्षात ठेवलं होतं. बस स्टँडवरून खोलीवर येईपर्यंत ती इकडंतिकडं बघत होती. शेवटी म्हणाली, "हितली माणसं कुठं गेली?" मी सांगितलं की घरं झाडांच्या आत असतात, प्रत्येकाचं आपल्या आवारात. "मंग हाक मारली तर ऐकू कुणाला जातं?" काकी तेवढ्यात उकड्या तांदळाची पेज घेऊन आल्या आणि प्रश्न टळला.

रविवारी आम्ही निघालो. पोरगी पुढं टाकीवर, बायको मागं, मध्ये मी. रस्ता आंब्याच्या बागांमधून जात होता. नुकता मोहोर आला होता आणि त्याचा वास इतका दाट होता की हेल्मेट नसलेल्या डोक्यात तो बसून राहायचा. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे बुटक्या कुंपणभिंती, मध्येच एखादं देऊळ, एखादी विहीर, मग उतार. कुठल्या वळणावर समुद्र दिसतो ते मला पाठ होतं. मी आधीच गाडी हळू केली. वळलो, आणि झाडं संपली, आणि खाली सगळा निळा समुद्र.

पोरगी टाकीवर ताठ बसली आणि म्हणाली, "पप्पा, आज पाळी कुणाची हाय?"

आमच्याकडं कॅनॉलचं पाणी पाळीनं सुटतं. ज्याची पाळी असेल त्याच्या रानात पाणी. तिनं जन्मात एवढं पाणी उघड्यावर बघितलं होतं ते फक्त कुणाच्या तरी पाळीच्या दिवशी. बायको हसायला लागली, ती थांबेचना. मग म्हणाली, "थांबवा गाडी." पुढच्या वळणावर पुन्हा म्हणाली. त्याच्या पुढच्या वळणावरही. मला वाटलं होतं दुपारपर्यंत आचऱ्याला पोचू. पण एकेक वळण एकेक मुक्काम झालं.

काय नाही बघितलं त्या दिवशी! खाडीवरच्या पुलावर उभं राहून खालून जाणारी होडी बघितली. होडीतल्या माणसानं पोरीला हात केला, तर तिनं पार लांब जाईपर्यंत हात खाली घेतला नाही. सुरूच्या बनात बसून बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. वाळूवर मासळी वाळत घातली होती. वास आला तेव्हा बायकोनं पदर नाकाला लावला, पण वाळत घालणाऱ्या बाईजवळ जाऊन बसली आणि अर्धा तास बोलली. दोघींची बोली निराळी, तरी काही अडलं नाही. मग निऱ्या वर खोचून ती पाण्यात गेली. लाट आली की पोरीचा हात धरून मागं पळायची आणि ओरडायची. लग्नाला सहा-सात वर्षं झाली होती, पण ही बाई एवढ्या मोठ्यानं ओरडते हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरी सासू-सासऱ्यांसमोर ओरडायचं कुणी? मी कोरड्या वाळूत चपला सांभाळत बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, जमलं. आता ही राहते.

तिथंच आम्ही परत फिरलो असतो तर कदाचित राहिलीही असती.

पण मला राहवलं नाही. येताना मी म्हणालो, "अजून एक जागा आहे. सगळ्यात भारी." आणि समुद्राचा रस्ता सोडून गाडी चढावर घातली. वर सडा होता. सडा म्हणजे कातळाचं मोठं सपाट पठार, झाड नाही, घर नाही. पावसाळ्यात तिथं गवत उगवतं आणि जानेवारीपर्यंत वाळून पिवळं पडतं. त्या पिवळ्या गवतातून पायवाट होती, मध्ये काळे दगड, वर उघडं आभाळ आणि वारा. मी गाडी बंद केली.

"बघ," म्हणालो.

"काय बघू?"

"अगं, आपला माळ! नागरगावच्या रस्त्याला लागतो तसा नाही वाटत? या दगडावर बसलं ना की समुद्र अजिबात दिसत नाही. झाडंसुद्धा दिसत नाहीत. संध्याकाळी वाळल्या गवताचा वास येतो, अगदी आपल्यासारखा. मी दर रविवारी येतो इथं."

हे सगळं मी कौतुकानं सांगितलं, हे आज आठवलं की माझं मलाच हसू येतं आणि मग येत नाही. दिवसभर मी तिला तो किनारा विकत होतो, आणि शेवटी सगळ्यात चांगला माल म्हणून काय काढून दाखवलं, तर घर सोडून ती जिथून आली होती तोच माळ.

ती त्या दगडावर बसली. पोरगी गवताच्या काड्या गोळा करायला पळाली. मग बायकोनं विचारलं, "दर रविवारी येता?"

"हो."

"आन् खाली समुद्रावर कवा जाता?"

मी आठवून बघितलं. गणपतीत विसर्जनाला मुलांबरोबर गेलो होतो. त्यानंतर आजच. "पावणे आले की जातो," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. रागावली नव्हती. माझ्याकडं न बघता, गवताकडं बघत म्हणाली, "तुमीच अजून हितं राहायला आला न्हाई. मंग आमी कुठं राहायचं?"

मी बोलायला लागलो. तुम्ही दोघी आलात की मीही राहीन, सवय होईल, काकी चांगल्या आहेत, शाळा चांगली आहे, पोरगी डोळ्यांसमोर शिकेल. सगळं खरं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमी आलो की तुमी बदलीच्या मागं लागायचं सोडाल. पोर नजरंसमोर असल्यावर कशाला लागाल? मंग आई-आबा तिकडं, तुमचं मन तिकडं, आन् आमी दोघी हितं ह्या झाडांत. आबा म्हन्ले, आमचं आमी बघू. तुमी त्यांचं तोंड बघितलं न्हाई तवा. मी बघितलं."

मला तिचा राग आला. घरच्या म्हशींची, आबांच्या तोंडाची, सगळ्यांची काळजी हिला, आणि मी इथं एकटा भात खातो त्याचं काही नाही, असं वाटलं. बोललोही तसं. ती म्हणाली, "न्हाई कसं? म्हनून तर म्हन्ते, घरी या." एवढंच. मग पोरीला हाक मारली आणि गाडीवर बसली. उतरताना तिनं हात माझ्या खांद्यावर ठेवला होता, जाताना ठेवला होता त्यापेक्षा घट्ट. मी तेव्हा त्याचा अर्थ लावायच्या मनःस्थितीत नव्हतो.

निघायच्या दिवशी एसटी लागली होती. काकींनी ओटी भरली होती, तो नारळ पिशवीत वर दिसत होता. पोर खिडकीशी बसली. बायको दारात थांबून म्हणाली, "नाव गावच्या शाळंत घालते." मी हं म्हणालो. दोन पायऱ्या चढून ती परत वळली. "मला आवडलं हितं. लई आवडलं. उगं नव्हते थांबवीत गाडी. एकदाच बघायचंय म्हनून बघून घेतलं."

गाडी गेली. मला सांगायला लाज वाटत नाही, मी स्टँडच्या मागं जाऊन रडलो.

पुढच्या रविवारी मी सड्यावर गेलो, पण तो आता माळ वाटेना. नुसता कातळ होता आणि त्यावर एक बाई बसून गेली होती. मग खाली उतरलो. दौंडवाल्याची गाडी पुन्हा मागून घेतली आणि त्याच रस्त्यानं निघालो. पहिल्या वळणावर ती थांबवा म्हणाली होती तिथं थांबलो. पुढच्यावर थांबलो. खाडीच्या पुलावर थांबलो. इतकी वर्षं मी त्या किनाऱ्यावर राहून घराची ओढ काढत होतो. आता किनाऱ्याच्या प्रत्येक वळणालाही तीच ओढ लागली. मोहोराचा वास आला की पाठीमागं कुणी बसलेलं नाही हे कळायचं. समुद्र फार सुंदर होता. तो तसा आहे हे मला तिनं दाखवलं आणि मग ती निघून गेली, याबद्दल मी तिला बरेच दिवस माफ केलं नाही.

जूनमध्ये माझ्या वर्गात पहिलीची नवी पोरं आली. एकेकाचा हात धरून मी पाटीवर अ गिरवून घेतला. बोटं सगळ्यांची सारखीच असतात, ओली आणि पेन्सिलीला आवळून धरणारी. त्याच दिवशी गावच्या शाळेत माझ्या मुलीचा हात कुणीतरी धरला असेल. मास्तर ओळखीचे होते, चांगले होते. तरी मला त्यांचा हेवा वाटला.

बदली झाली ती मुलीची चौथी संपल्यावर. आबांनी गल्लीत पेढे वाटले. माझी नवी शाळा आमच्याच तालुक्यात एका वस्तीवर होती, सायकलनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याइतकी जवळ. सुट्टी संपली आणि शाळा उघडायचा दिवस आला. मी अंघोळ करून बाहेर आलो तर दाराशी माझी प्रवासाची बॅग भरून ठेवलेली. त्यात कपडे, चटणीची बाटली, फडक्यात बांधलेल्या चार-पाच भाकऱ्या, पाण्याची बाटली. इतकी वर्षं सुट्टी संपली की माझी आई बॅग भरायची ते मुलीनं बघितलं होतं. आता मोठी झाली म्हणून पहाटे उठून तिनंच भरली होती.

आई आधी हसली, मग आबा. बायको चुलीपासून उठून आली आणि बॅग बघून तिथंच उभी राहिली. मी म्हणालो, "अगं बाळा, आता लांब कुठं जायचं नाही मला. संध्याकाळी घरी येणार मी."

"हो की!" म्हणून तिनं जीभ चावली. मग विचारलं, "रोज?"

"रोज," मी म्हणालो.

ती बरं म्हणाली, दोन भाकऱ्या डब्यात घालून माझ्या हातात दिल्या, आणि आपलं दप्तर उचलून हायस्कूलच्या मैत्रिणी आल्या होत्या त्यांच्याबरोबर निघून गेली. संध्याकाळी मी सांगितल्याप्रमाणे घरी आलो. ती अजून आली नव्हती. मी ओट्यावर बसून तिची वाट बघितली. तिनं माझी वाट बघायची ती वर्षं त्या सुंदर रस्त्यावर राहून गेली होती, आणि आता वाट बघायची पाळी माझी होती.