शाळू पाण्यात उतरली तो दिवस

सहादेव पालवे बावन्न वर्षांचा आहे. भिंगारच्या पुढे, माळाला लागून अमृतरावांचा घोड्यांचा तबेला आहे, तिथे तो तरुण घोडे तयार करतो. त्याचं गाव पाथर्डी तालुक्यातलं. लहानपणी दर दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जायचा आणि बैलगाडीत उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, वाढ्यांच्या, भाऱ्यावर झोपायचा. जनावराच्या अंगाच्या उबेची सवय तेव्हापासूनची. एकोणिसाव्या वर्षी फौजेत भरती झाला, घोड्यांच्या तुकडीत गेला आणि तिथंच त्याची सारी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर गावी जाऊन शेती करायची असं त्याने बायकोला, ज्ञानेश्वरीला, सांगितलं होतं. चार महिन्यांत तो कंटाळला. पाचव्या महिन्यात तबेल्यात रुजू झाला.

शाळू ही तबेल्यातलीच पैदास. शाळूच्या कणसासारखा फिकट पिवळा रंग म्हणून हे नाव सहादेवनेच ठेवलेलं. ती साडेचार वर्षांची झाली, तोवर रिंगणातल्या रंगीत दांड्यांवरून बिनचूक उड्या मारायला लागली होती. पण रिंगणातली जमीन सपाट आणि दांडी पाय लागला तर खाली पडणारी. माळावरचं काम निराळं असतं. तिथं चढउतार, मुरूम, झुडपं. ओंडका पक्का रोवलेला, खुराने हलत नाही. घोड्याने आधी नीट बघायचं, मग स्वाराच्या भरवशावर उडी घ्यायची. शाळूला हे कधीच करावं लागलं नव्हतं.

जानेवारीतल्या एका सकाळी सहादेवने तिला बाहेर काढायचं ठरवलं. पुढे दगडू चालणार होता. दगडू म्हणजे अठरा वर्षांचा म्हातारा घोडा, फटाका वाजला तरी कान न हलवणारा. त्याच्यावर अश्विनी बसली. ती कोल्हारची, तबेल्यात मुलांना घोडेस्वारी शिकवणारी. बेत साधा होता. दोन ओंडके, एक चर, आणि शेवटी पाझर तलावाच्या कडेने पाण्यातून चालत जायचं.

दोघं निघणार एवढ्यात अमृतरावांची जीप आली. बरोबर पुण्याच्या एक बाई होत्या. त्यांच्या मुलीला स्पर्धेसाठी घोडी हवी होती.

"सहादेव, मॅडमना शाळू बघायचीये," अमृतराव म्हणाले. "आज माळावर घेतोयसच, तर चांगलं काम दाखव."

"पयलीच येळ हाय तिची, साहेब."

"म्हणून तर. पाणी कळेल तिचं."

सहादेवने हेल्मेटचा पट्टा आवळला आणि घोडी दगडूच्या मागे लावली.

पहिला ओंडका गुडघ्याएवढा होता. दगडू त्यावरून उंबरा ओलांडावा तसा गेला. शाळू मात्र जागेवर थबकली. मान खाली घालून तिने ओंडका हुंगला, फुरफुरली, आणि सहादेवला वाटलं आता मागे वळणार, तोच उभ्या उभ्या चारी पाय उचलून पलीकडे उतरली. त्याच्या कंबरेला चांगलाच हिसका बसला. त्याने तिच्या मानेवर थाप मारली. दुसऱ्या ओंडक्यावर ती दुडक्या चालीत आली, अंतर तिचं तिनेच मोजलं, आणि उडी अशी सहज झाली की अश्विनीने मागे वळून अंगठा दाखवला.

चरापाशी दगडू पलीकडे गेला तरी शाळू अडली. चर हातभर रुंद होता, पण आत सावली होती. सहादेवने लगाम सैल सोडला. "बघ, बघून घे," असं पुटपुटत तो बसून राहिला. घोडीने बघितलं. मग टाच लागायच्या आत तिने एवढी उंच उडी घेतली की चरावर एखादा टेम्पो उभा असता तर तोही ओलांडला असता. सहादेवचा उजवा पाय रिकिबीतून सुटला. आयाळ धरली म्हणून तो वर राहिला.

"काका, पडताय का काय?" अश्विनी ओरडली.

"न्हाई पडत. चल फुडं."

तो हसत होता. लई दिवसांनी आपल्याला असं कुणी उडवलं, असं त्याला वाटलं.

पाण्याशी मात्र घोडं अडलं ते अडलंच. दगडू गुडघाभर पाण्यात शांत उभा होता. शाळू काठापासून दहा पावलांवर. कान टवकारलेले, अंग ताठ, नाकपुड्या मोठ्या झालेल्या. सहादेवने टाच लावली की ती एक पाऊल पुढे यायची आणि दोन मागे जायची.

पंधरा मिनिटं गेली. तलावाच्या बांधावर जीप लावली होती, तिथून अमृतरावांचा आवाज आला, "अरे, एक चाबूक लाव तिला! जाईल."

जाईल, हे सहादेवलाही ठाऊक होतं. फौजेत तेवीस वर्षांचा असताना वरिष्ठांच्या हुकमावरून त्याने एका तरुण घोड्याला असंच पाण्यात घातलं होतं. घोडा चाबकाला भिऊन उडी मारत आत गेला. तळाशी खड्डा होता. त्यात पाय जाऊन तो कोलमडला आणि नाकातोंडात पाणी गेलं. लागलं काही नाही. पण पुढे तो घोडा रस्त्यावरचं डबकं बघूनही घामाने भिजायचा. शेवटी त्याला स्वारीच्या कामातून काढलं. सहादेवला त्याबद्दल कुणी बोल लावला नव्हता. चाबूक आपल्या हातात होता एवढं त्याच्या लक्षात राहिलं.

त्याने हातातला चाबूक बाजूच्या बोरीत टाकला आणि नुसता बसून राहिला. टाच नाही, लगाम नाही. ऊन वर आलं. बाईंनी दोनदा घड्याळ बघितलं. दगडूने तेवढ्यात पाण्यात लीद टाकली, तरी घोडी हलली नाही.

मग कधीतरी तिची मान खाली गेली. एक पाऊल, अजून एक. काठाशी येऊन तिने पाण्याला नाक लावलं, दचकली, परत लावलं. पुढच्या खुराने पाणी खणल्यासारखं उडवलं. सहादेवचं तोंड भिजलं. आणि ती आत गेली, चारी पायांनी, दगडूच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

सहादेव लगेच खाली उतरला. बूट पाण्यात बुडाले. त्याने तिच्या कपाळावर हात फिरवला, खोगिराचा पट्टा सैल केला आणि तिला धरून बांधाकडे आला.

"हे काय? उतरलास का?" अमृतराव म्हणाले. "तो पलीकडचा मोठा ओंडका दाखव ना आता."

"आज येवढंच, साहेब."

"आम्ही पुण्याहून आलोय," बाई म्हणाल्या. "एक उडी मारायला काय हरकत आहे?"

"ती थकलीय, मॅडम. आत्ता चुकली तर आजचं समदं जाईल. पुढच्या आटवड्यात या, दाखवतो."

बाई परत आल्या नाहीत. अमृतराव दोन दिवस सहादेवशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी खुराकाचं काहीतरी विचारायला आले आणि विषय संपला.

त्यानंतर सहादेवने तिला आठवड्यातून दोनदा माळावर नेलं. चौथ्या खेपेला ती दगडूशिवाय पाण्यातून गेली. मार्चमध्ये अश्विनी तिला स्पर्धेला घेऊन गेली. नवख्या घोड्यांच्या गटात शाळू नववी आली. वेळ जास्त लागला, पण एकाही अडथळ्याला अडली नाही. तिथं नाशिकच्या एका प्रशिक्षकाने तिला बघितलं आणि एप्रिलमध्ये ती विकली गेली.

गाडी आली त्या दिवशी सहादेवनेच तिला फळीवरून आत चढवलं. ड्रायव्हरला सांगितलं, "काळ्या बादलीतून पानी पीत न्हाई ती. दुसरी ठेवा." ड्रायव्हरने मान डोलावली. गाडी कोल्हारच्या पुलापर्यंत पोचली असेल, तेव्हा सहादेव तबेल्यातलं तिचं ठाण झाडत होता.

दुपारी जेवताना ज्ञानेश्वरीने विचारलं, "गेली का तुमची शाळू?"

"गेली," तो म्हणाला आणि आमटी वाढून घेतली. मग भाकरी कुस्करत म्हणाला, "चांगली चढली गाडीत. एकदाबी मागं सरली न्हाई."