मोजून पाहिलंस का?

"मोजून पाहिलंस का?" मस्कतमधल्या कुरुमच्या आमच्या ऑफिसात कुणी ‘नेट स्लो आहे’ म्हणालं की आमचे सीनियर इंजिनिअर एवढंच विचारायचे. मग चष्मा कपाळावर सरकवून स्वतःच मोजायला बसायचे. असा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. तो असेपर्यंत आपल्याला त्याचा कंटाळाच येतो.

गुहागरकडचे, पन्नाशीतले. हजार किलोमीटरवरच्या सलालाच्या दवाखान्यातून मस्कतच्या डॉक्टरांकडे स्कॅन यायला पाऊण तास लागायचा. सगळे म्हणत, मोठी लाइन घ्या. ते म्हणाले, "लाइन रिकामीच आहे रे. आपलं मशीन चिमूटभर पाठवतं आणि पोच येईपर्यंत हात बांधून बसतं." तीन आठवडे ते टीसीपीच्या, म्हणजे डेटा पाठवायच्या नियमांच्या, सेटिंग्ज बदलत, मोजत, वहीत लिहीत राहिले. स्कॅन चार मिनिटांत येऊ लागला. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना इथला दाट दुधाचा करक चहा पाजला.

नवीन मॅनेजर आले तेव्हा आमचे सीनियर गावी रजेवर होते. मॅनेजर म्हणाले, "सगळ्या सर्व्हरवर कंपनीच्या ठरलेल्या सेटिंग्ज. यल्ला, चला, आज खलास करा." मी चाचरत म्हणालो, "सर, सलालाचं..." त्यांनी घड्याळ दाखवलं. माझा व्हिसा त्याच आठवड्यात संपत होता आणि पुढच्या कागदांवर त्यांचीच सही लागणार होती. बायको-मुलगी नुकत्याच मस्कतमध्ये वादी कबीरला राहायला आल्या होत्या. मी त्या सेटिंग्ज पुसल्या.

चौथ्या दिवशी डोक्याला मार लागलेल्या एका कोळ्याचा स्कॅन सलालाहून उशिरा पोचला. तो वाचला नाही. वेळेत पोचला असता तर वाचला असता का, कुणालाच सांगता आलं नाही. चौकशीत मॅनेजर रजेवरून परतलेल्या सीनियरकडे बोट करून म्हणाले, "ह्यांचे प्रयोग नडले." मी टेबलाकडे बघत बसलो. सीनियरची नोकरी गेली.

ते कायमचे गावी निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या अझैबातल्या घरी गेलो. सगळीकडे खोकी. उभ्या उभ्याच म्हणालो, "ते मी केलं होतं."

"माहितीय. लॉगमध्ये तुझं नाव होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझी पोर शाळेत जायला लागली ना आत्ताच?"

त्यांची बायको, आमच्या वहिनी, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात चिकटपट्टी. त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे... यांची चूक नव्हती?"

कोळी गेल्यापासून दोन महिने त्या नवऱ्याशी बोलल्या नव्हत्या, हे मला नंतर कळलं. ते खाली वाकून खोक्याला दोरी बांधत राहिले. गाठ बसत नव्हती.