अभ्रकाची ओळ

दगड तपासायच्या प्रयोगशाळेत ताई लागल्या त्या नमुने धुवायला. धुता धुता दगड ओळखायला शिकल्या, तिशी उलटल्यावर परीक्षा दिली, आणि गेली सव्वीस वर्षं दगड दाबून फोडायचं यंत्र त्यांच्याच हाताखाली होतं.

एकदा पुलाच्या कामाचा दगड आला. तुळया ज्यांवर टेकणार, त्या ठोकळ्यांतून कापलेले नळकांड्याच्या आकाराचे तीन तुकडे. पहिले दोन तीस टनांच्या आसपास फुटले. तिसरा तेरा टनांतच तिरका चिरला.

खाणवाला तावातावाने आला. सोबत पुलाचे इंजिनिअर होते.

"ताई, एकाच खाणीचा माल, रंगही एकच. तुमचं यंत्र बिघडलंय."

"यंत्र परवाच तपासून घेतलंय. दगड कुणाचा ते त्याला कळत नाही, म्हणून तर त्याचा भरवसा."

"उलट तिसरा जास्त चमकतो बघा," खाणवाला म्हणाला.

"तेच तर दुखणं आहे त्याचं."

ताईंनी चांगल्या आणि तिसऱ्या, दोन्ही दगडांच्या उजेड आरपार जाईल इतक्या पातळ चकत्या घासून ठेवल्याच होत्या. त्यांनी दोघांना आळीपाळीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. चांगल्या दगडात गारगोटीचे कठीण कण एकमेकांत घट्ट रुतलेले. तिसऱ्यात गारगोटी कमी, आणि अभ्रकाचे पापुद्रे ओळीने एकाच दिशेला झोपलेले.

"पापुद्र्यावरून पापुद्रा सहज घसरतो," ताई म्हणाल्या. "भार ओळीवर सरळ आला तर दगड तग धरतो. तिरका आला, की संपलं."

"हे सगळं बोलायला ठीक आहे," खाणवाला पुटपुटला.

ताईंनी वाद घातला नाही. तिसरा तुकडा ज्यातला, त्याच ठोकळ्यातून दोन नवे तुकडे कापले, एक ओळींना आडवा, एक तिरका. कागदावर दोन आकडे लिहिले, घडी घातली आणि खाणवाल्याच्या हातात दिली. "मुठीत ठेवा. उघडू नका."

पहिला तुकडा सव्वीस टनांवर फुटला. दुसरा बारावर.

खाणवाल्याने घडी उलगडली. पंचवीस आणि बारा.

"म्हणजे माझा माल गेला पाण्यात," तो म्हणाला.

"कशाला जाईल? फरशीला लावा, ओळी आडव्या ठेवून. तिथे भार कितीसा असतो? पुलाला मात्र खाणीच्या दुसऱ्या कडेचा घ्या."

"दुसरी कड कुठून सुरू होते, ते मला काय कळणार?"

"मी येते ना."

घरी त्यांच्या नवऱ्याने, म्हणजे शिंपीदादांनी, सगळं ऐकून घेतलं आणि सुईत दोरा ओवत ते म्हणाले, "कापडाचं उभं-आडवं आम्ही आधी बघतो. तुमचे खाणवाले आधीच कात्री चालवतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई खाणीत उतरल्या. साडीचा पदर खोचलेला, हातात हातोडी आणि खडू. कड्यालगत चालताना त्या जागोजागी ठोकून कपची काढत, ती उन्हात फिरवून बघत, आणि मग कड्यावर खूण करत. बारा पावलांनंतर चमक विरळ झाली, वीस पावलांवर हातोडी उसळून परत येऊ लागली. ताईंनी तिथे खडूने जाड उभी रेघ ओढली.

"इथून पुढचा पुलाचा," त्या म्हणाल्या.

इंजिनिअरनी रेघेची जागा वहीत टिपून घेतली. खाणवाल्याने कामगारांना हाक मारली आणि यंत्रं रेघेच्या पलीकडे न्यायला सांगितलं.