डॅमेज म्हणजे काय

मी बारामतीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. माझे वडील, तात्या, कारखान्यातून रिटायर होऊन भवानीनगरलाच राहतात. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे येताना वळणावर त्यांची मोटरसायकल घसरली आणि ते उजव्या खांद्यावर पडले. कपाळाचे टाके लवकर वाळले. हात मात्र हलेना.

तपासण्या झाल्यावर डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले. बाहेर बाकावर बसल्यावर तात्यांनी विचारलं, "आधी इंज्युरी म्हणालं, मग सारखं डॅमेज डॅमेज. दोन्ही एकच का गं?"

हा फरक मी दर वर्षी वर्गात सांगते. हर्ट म्हणजे लागणं, मग ते अंगाला असो की मनाला. वुंड म्हणजे हत्याराची जखम. इंज्युरी ही अपघातातली इजा. आणि डॅमेज होतं ते गाडीचं, घराचं. माणसाचं नाही, अवयवाचं मात्र होतं. हे सगळं मला पाठ होतं, पण जीभ रेटेना.

"इंज्युरी म्हंजे पडल्यावर लागलं ते, तात्या."

"आन् डॅमेज?"

"खांद्यातल्या नसा तुटल्यात."

"जुळत्याल का?"

"न्हाय म्हणाले."

त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. "बरं, चल," एवढंच म्हणाले.

घरी आईने पहिलं विचारलं, "लई दुखतंय का वं?"

"अजाबात न्हाय."

आईचा चेहरा उजळला. "दुखत न्हाय म्हंजी लवकर बरं हुईल." तिला आत नेऊन मला सांगावं लागलं, की त्या हाताला काही कळतच नाही, म्हणून दुखत नाही. ती ओट्याला टेकून उभी राहिली. मग तेलाची वाटी घेऊन बाहेर गेली आणि तो हात चोळत बसली. अजूनही रोज चोळते.

मागच्या उन्हाळ्यात इंदापूरला माझ्या चुलतभावाचं लग्न होतं. तात्या अक्षता टाकून गाडीत जाऊन बसले. चारचौघांत डाव्या हाताने जेवायला त्यांना नको वाटतं. मी ताट घेऊन गेले. पुरणपोळीचे तुकडे करून दिले. बाहेर बँड वाजत होता. त्यांनी दोन घास खाल्ले, ताट माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, "तू जेव जा. पाव्हणं काय म्हणत्याल?"

मी गेले नाही. उरलेलं त्याच ताटात खाल्लं.