मीही बापच

पेशवाईत पुण्यातल्या एका सरदाराच्या बागेत मी माळी होतो. कुठल्या गुलाबाला कधी कळी येईल, हे मी छातीठोकपणे सांगायचो. स्वतःच्या मुलीला दात किती आले, हे मात्र तिच्या आईला विचारावं लागे.

तिची आई बागेतली फुलं नेऊन देवळापाशी विकायची. ती विधवा होती, पण आमच्या जातीत विधवेचा पाट लागतो, दुसरं लग्न होतं. तेव्हा अडचण काहीच नव्हती. होती ती माझीच. दसरा होऊ दे, होळी होऊ दे, असं करता करता मुलगी चार वर्षांची झाली. शेवटी कंटाळून आईने हडपसरच्या एका माळ्याशी पाट लावला आणि मुलीला घेऊन गेली.

तेव्हा कुठे मला बापपण आठवलं. नवं पागोटं बांधून मी जातीच्या पंचांपुढे उभा राहिलो.

"मुलगी माझी आहे. ती मला मिळावी."

थोरल्या पंचांनी विचारलं, "लग्न लावलं होतंस?"

"लावणार होतो."

"बारशाला तरी होतास?"

"त्या दिवशी कलमं बांधायची होती."

"मग कलमांवर हक्क सांग."

सगळे हसले. तिची आई तेवढी हसली नाही. लग्नाविना झालेलं मूल आईचं, बापाचा त्यावर दावा नाही, असा निवाडा झाला.

मी निघालो तर मुलीच्या आईचा नवा नवरा मागून आला. आता हा भांडणार, म्हणून मी आधी पागोटं सांभाळलं.

"पोर तुमची वाट बघती," तो म्हणाला. "दर बाजाराला येत जा. हिला इचारलंय मी. पर येतो म्हणून चुकवू नका."

पहिल्या बाजाराच्या दिवशी मी हडपसरला त्यांच्या मळ्यात टोपलीभर गुलाब नेले. मुलीने एक हुंगला आणि विचारलं, "खायला काय आणलंस?" काहीच आणलं नव्हतं. त्याने वाफ्यातलं गाजर उपटून, धुवून तिच्या हातात दिलं. दुसरं मला दिलं.

पुढची पाच वर्षं मी जात राहिलो. दोनदा चुकवलं, तेव्हा ती महिनाभर बोलली नाही. तिची सोयरीक ठरली, तेव्हा मलाही बोलावणं आलं. मी कोपऱ्यात बसलो होतो. पाहुण्यांनी विचारलं, "हे कोण?"

"पोरीचा बाप हाय," तिच्या आईचा नवरा म्हणाला. "मीबी हाय."

पाहुणे जरा गोंधळले, पण पानं मांडली होती, तेव्हा जेवायला बसले.