सायखेड्याच्या जीपला मोठे टायर

गाडीखाली उताणा पडलेल्या माणसाला लोक माणूस धरत नाहीत. वर बोनेटवर चहाचे कप ठेवून बिनधास्त बोलत राहतात. भावकीची भांडणं, साहेबाला घातलेल्या शिव्या, शेजाऱ्याची लफडी, सगळं! मी सातवीत दोनदा बसलो, दोनदा उठलो आणि त्यानंतर चाळीस वर्षं आडगाव नाक्याजवळ गाड्यांच्या स्प्रिंगचे पाटे बसवतोय. माझ्या कानात किती माल पडला असेल बघा! अंगावर ऑइल गळालं तर रॉकेलनं निघतं. किस्से निघत नाहीत.

आणि त्यातले निम्मे किस्से एकाच रोगाचे. जुन्या जीपला मोठे टायर! नव्वदीनंतर ही साथ जी आली ती दहा-बारा वर्षं हटली नाही. पाटे कंपनीचे, शॉकअप कंपनीचे, ब्रेक आजोबांच्या वयाचे, आणि टायर मात्र रणगाड्यासारखे पाहिजेत. मी ओरडून ओरडून घसा बसवला. पण मिस्त्रीचं ऐकतो कोण? मिस्त्रीनं फक्त पान्हा फिरवायचा!

सगळ्या जीपांचं सांगत बसलो तर माझं बीपी वाढेल. एकीचंच सांगतो.

*

मिलिटरीच्या लिलावातली जीप होती. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान. मालक सायखेड्याचे बापूसाहेब, द्राक्षबागाईतदार. पांढरे कपडे, हातात अंगठी, मिशीला रोज तेल.

पण गाडी चालवायच्या त्यांच्या मिसेस, सुमनवहिनी. मीच शिकवली त्यांना, गोदावरीच्या काठानं. बापू चालवायला बसले की गिअर रडायचे. वहिनींच्या हातात तीच गाडी गाईसारखी चालायची. क्रेट निफाडला न्यायच्या, बागेतल्या बायकांना घरी सोडायच्या, सासूला डॉक्टरकडे घेऊन जायच्या. बापू डावीकडे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचा रामराम घ्यायचे.

सगळं झकास चाललं होतं. मग देवळ्याला एका लग्नात कुणीतरी म्हणालं, "बापू, वहिनींची गाडी लय भारी हाय!"

वहिनींची! झालं. तो एक शब्द बापूंच्या घशात अडकला तो अडकलाच. दोन दिवसांत गाडी माझ्या दारात. आणली अर्थात वहिनींनीच.

"मिस्त्री, गाडी मर्दानी दिसली पायजे. मोठे टायर टाका."

वहिनी स्टेअरिंगवरचा हात न काढता म्हणाल्या, "मला वळवता येईल ना, तात्या? तेवढं बघा."

मी टायर आणि मडगार्डच्या मधे चार बोटं घातली. "बापू, ही जागा दिसते का?"

"रिकामीच हाय की. तेवढा मोठा टायर बसंल."

"रिकामी नाही, राखीव आहे! चाक खड्ड्यात आपटलं की वर उसळतं, त्याच्यासाठी. एसटीत आमदाराची सीट रिकामी असते, म्हणून आपण जाऊन बसतो का?"

बापू म्हणाले, "बसतो की!"

*

मी म्हटलं, याला शब्दानं कळणार नाही. विचारलं, "बापू, तुमचा चपलेचा नंबर?"

"आठ."

वॉशिंगवाल्याचे अकरा नंबरचे गमबूट आणले. म्हटलं, "पाय तेच, गुडघे तेच, फक्त बूट मोठे. हे घालून किसनशेठच्या टायरच्या दुकानापर्यंत जाऊन या. मग बोलू."

बापू निघाले. फटाक फटाक! रिक्षावाले थांबून बघायला लागले. गटारीच्या फरशीवर एकदा पाय घसरला, वळताना दोन्ही बूट एकमेकांत अडकले, पानटपरीचा खांब धरला म्हणून वाचले. वहिनी पदर तोंडाला लावून गाडीत हसत होत्या. मी मनात म्हटलं, चला, मिस्त्री जिंकला!

घामाघूम होऊन परत आले. बूट काढले. मिशीवरून हात फिरवला.

"जरा जड जातात मिस्त्री. पण रुबाब हाय!"

*

किसनशेठ हा माणूस म्हणजे माझा जिवलग मित्र आणि जिवाला घोर. सायकलवाल्याला ट्रॅक्टरचा टायर विकेल आणि वर म्हणेल, पंक्चर होणार नाही, लिहून देतो!

त्यानंच दुकानात चारही मोठे टायर चढवले. गाडी सरळ उभी केल्यावर काय, फोटो काढावा अशी दिसत होती. पेढे वाटले. मी एक पेढा खाल्ला, दुसरा खिशात ठेवला आणि म्हटलं, "आता स्टेअरिंग फिरवा."

उजवीकडे फिरलं. डावीकडे अर्ध्यात गेलं आणि टायर जाऊन पाट्याला भिडला. खर्रर्र! रबराचा वास सुटला.

मी म्हटलं, "शेठ, हे काय?"

किसनशेठ पेढा चघळत म्हणाला, "सायखेड्याला जाताना सगळी मोठी वळणं उजवीकडंच आहेत."

"आणि येताना?"

"येताना दुसऱ्या रस्त्यानं यायचं!"

*

शेवटी पाप माझ्याच हातून झालं. स्टेअरिंगचा स्टॉपर बोल्ट चार आटे बाहेर घेतला, म्हणजे चाक पूर्ण वळायच्या आधीच अडतं आणि टायर घासत नाही. पण मग गाडीला वळायला मैदान लागतं. हे मी बापूंना तीनदा सांगितलं. तीनदा!

आठवड्याच्या आत बापू निफाडात एका गल्लीत शिरले. पुढं वरात, मागं वरातीतल्या गाड्या. दुसरं कुणीही असतं तर चौकात गाडी वळवून निघून गेलं असतं. बापूंची गाडी वळेना. दोनदा पुढं-मागं केलं, बँडवाल्याचा ढोल थोडक्यात वाचला. मग काय, घोड्याच्या मागं मागं थेट मंडपापर्यंत!

पांढरे कपडे, जीप, मिशी. लोकांना वाटलं, कुणीतरी मोठा पुढारी आला. नवरदेवाच्या मामानं पळत येऊन टॉवेल-टोपी दिली, व्यासपीठावर नेलं, हातात माइक दिला. बापूंना ना नवरा माहीत ना नवरी. तरी पाच मिनिटं शुभाशीर्वाद दिले!

घरी आले तेव्हा दुपार कललेली. वहिनींनी डोक्यावरची टोपी बघितली आणि एवढंच विचारलं, "ताट वाढू, का पंगतीला बसला होता?"

*

आमच्या कट्ट्यावर देशमाने सर यायचे. रिटायर गणिताचे मास्तर, रोज संध्याकाळी माझा पेपर वाचायला. फुकट!

एक दिवस बापू छाती काढून म्हणाले, "सर, मोठ्या टायरची कमाल बघा. घरापासून इथपर्यंत मीटरवर तीन किलोमीटर कमी भरतंय. डिझेल वाचलं, टाइम वाचला!"

सरांचा चेहरा असा झाला, जणू कुणी पाढा उलटा म्हटला. खडू मागितला. माझ्या फरशीवर लहान गोल काढला, मोठा गोल काढला. म्हणाले, "बापूसाहेब, मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर जातं. मीटर फक्त फेरे मोजतं. रस्ता तेवढाच आहे. उलट तुम्ही काट्यावर चाळीस बघता, तेव्हा गाडी चव्वेचाळीसनं पळत असते. आणि ब्रेक जुनेच!"

बापूंनी दोन्ही गोल नीट बघितले. सरांच्या सायकलकडे बघितलं.

"सर, तुम्ही लहान चाकावर फिरता ना, म्हणून तुम्हाला लांब पडतं."

सर दोन दिवस पेपर वाचायला आले नाहीत.

*

गाडी उंच झाली ती वेगळीच पंचाईत. बागेतल्या बायकांना साडी सावरून चढता येईना. बापूंची आई तर म्हणाली, "मला क्रेटमधी घालून चढवा रे!"

मी घरातला एक लाकडी स्टूल उचलला, हिरवा रंग मारला, त्यावर इंग्रजीत दोन-चार आकडे काढले आणि बापूंना सांगितलं, "हा मिलिटरीचा ओरिजिनल पार्ट. मोठ्या टायरच्या जीपबरोबर यायचा. मुश्किलीनं मिळवला."

बापूंनी तो महिनाभर गावाला दाखवला. कुणी हात लावला की ओरडायचे, "हळू! ओरिजिनल हाय!"

मग एकदा आमची मंडळी सायखेड्याला हळदीकुंकवाला गेली. स्टूल बघितला आणि चारचौघींत म्हणाली, "अगं बाई, हा माझा मसाल्याचे डबे काढायचा! इथं कसा आला?"

मला त्या दिवशी घरी जेवण मिळालं नाही. बापूंनी मात्र हार मानली नाही. म्हणाले, "मिस्त्रीच्या घरात मिलिटरीचं सामान लय दिवसांपासून हाय वाटतं!"

*

इथपर्यंत मी हसत होतो. आता सांगतो ते ऐकून माझं डोकं फिरलं होतं, आजही फिरतं.

एक दिवस वहिनी माझ्याकडे एसटीनं आल्या. हातात पिशवी, पिशवीत आमच्यासाठी द्राक्षं. बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "तात्या, मला गाडी वळत नाही हो. दोन्ही हातांनी, उभं राहून ओढलं तरी वळत नाही. परवा बांधावर जाता जाता राहिली. सोडली मी. आता निफाडला जायचं तर ह्यांची वाट बघायची, नाहीतर एसटीची."

मी म्हटलं, "बापूंना सांगितलं का?"

"सांगितलं ना."

"मग?"

"खूश झाले! पारावर जाऊन म्हणाले, आता ही गाडी बाईमाणसाची राह्यली नाय!"

बघा! अरे, जी बाई तुझी द्राक्षं, तुझी आई, तुझ्या मजूर बायका तीन वर्षं ओरखडा न पडता इकडून तिकडे नेते, तिच्या हातातून गाडी गेली आणि तू पारावर पेढ्यासारखी ही बातमी वाटतोस? आणि तो स्टॉपर बोल्ट मी बाहेर घेतला होता, ह्याच हातांनी!

म्हटलं, "वहिनी, मी सांगतो त्यांना."

त्या उठल्या. "नको तात्या. सांगून बदललेला माणूस माझ्या सासरी अजून कुणी बघितला नाही. फक्त जुने टायर फेकू देऊ नका. कांद्याच्या चाळीत ठेवलेत मी, गोणपाट टाकून."

*

जुन्या जीपचा एक नियम आहे. अंगठा स्टेअरिंगच्या आत घालायचा नाही. दगडाला चाक धडकलं की स्टेअरिंग झटका मारून उलटं फिरतं, आणि टायर जेवढा मोठा, तेवढा झटका मोठा. वहिनींना मी पहिल्याच दिवशी हे शिकवलं होतं. बापूंनाही शिकवलं होतं, तेव्हा ते मिशीला हात लावत होते.

ऐन तोडणीत, बागेच्या वाटेवर, चाक दगडाला भिडलं. उजव्या हाताचा अंगठा मोडला! डॉक्टरनं प्लास्टर घातलं ते असं, की अंगठा सरळ वर. वाटेत जो भेटेल तो समजायचा, बापू म्हणताहेत सगळं बेस्ट आहे. तोही हसून अंगठा दाखवायचा!

बागेत माल उतरवून ठेवलेला. क्रेट भरलेल्या. निफाडच्या कोल्ड स्टोरेजला दुपारपर्यंत पोचल्या नाहीत तर ऊन सगळं खाणार. गावातला एक ट्रॅक्टर रिकामा नाही. तोडणीच्या दिवसांत असणार कसा? दारात जीप, आणि ओट्यावर वहिनी वाटाणे सोलत बसलेल्या.

बापूंनी दोन येरझाऱ्या घातल्या. मग मला फोन. "मिस्त्री, ते मोठे टायर जरा तापलेत. तोवर जुने लावून जाता का? तात्पुरते."

मी किसनशेठच्या स्कूटरवर जॅक घेऊन पाऊण तासात पोचलो. चाळीतले जुने टायर बसवले, स्टॉपर बोल्ट पूर्वीसारखा केला. वहिनींनी वाटाण्याचं सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला, स्टेअरिंग दोन बोटांनी डावीकडे फिरवून बघितलं, दोन बोटांनी उजवीकडे. क्रेट चढल्या, बापू डावीकडे, मी मागं क्रेटच्या फटीत.

कोल्ड स्टोरेजच्या गेटवर नवीन वॉचमन होता. पेठ तालुक्याकडचा, तरणा, कुणाला ओळखत नव्हता. त्यानं दांडा आडवा घातला.

"आत फक्त ड्रायव्हर आणि क्लीनर. बाकी सगळे बाहेर."

मी उतरलो. बापू उतरेनात. मिशीला डावा हात लावून म्हणाले, "मी मालक हाय."

"मालकांना बाहेर बाकडं ठेवलंय. आत ड्रायव्हर आणि क्लीनरच."

मागं पाच गाड्या हॉर्न मारत होत्या. ऊन क्रेटवर आलं होतं. आत वहिनींना एकटीनं गाडी मागं घेऊन माल उतरवायच्या धक्क्याला लावायची होती, आणि मागं बघायला कुणी नव्हतं.

वॉचमननं विचारलं, "बाई, हे कोण तुमचे?"

वहिनींनी बापूंकडे बघितलं नाही. समोर बघत गिअर टाकला.

"क्लीनर."

वॉचमननं पांढऱ्या कपड्यांकडे बघितलं, अंगठीकडे बघितलं, मिशीकडे बघितलं. "हे? क्लीनर?"

मी मालकांच्या बाकड्यावर बसून मान उंच करून बघत होतो.

बापू खाली उतरले. सदरा नीट केला. गाडीच्या मागं जाऊन उभे राहिले, प्लास्टरचा हात वर केला आणि सगळ्या गेटला ऐकू जाईल असे ओरडले:

"येऊ द्या, उस्ताद! येऊ द्या... येऊ द्या..."